नवा पिन आठवेना, कारण जुना पाठ होता

गारगोटी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात बाबांचं एटीएम कार्ड ब्लॉक झालं. तीनदा चुकीचा पिन. मी मागेच उभी होते, पण पाठ करून, कारण पिन दाबताना पोटच्या मुलीनेही बघायचं नाही हा त्यांचा नियम. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. जेवायला बसल्यावर म्हणाले, "माझं आता काही खरं नाही. परवा चष्मा, काल गॅस, आज पिन." वय ७१. आईने त्याच रात्री बदाम भिजत घातले.

मला ते पटेना. हात धुतल्यावर त्यांच्यापुढे कागद ठेवला, म्हटलं नवा पिन लिहा. लिहिला, आणि घडी घालून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी कार्ड सुरू झालं तेव्हा तोच चालला. मग मशीनवर काय दाबत होतात? "जुना. तिन्ही वेळा. दुसऱ्यांदा तर कळतही होतं की हा जुना आहे, पण बोट तिकडेच जायचं." आणि टेबलक्लॉथवर बोटाने गिरवून दाखवलं, आकडा न उच्चारता: एक तिरपी रेघ, एक वळसा. चौदा वर्षांची सवय.

आता खरी गंमत. जुना पिन म्हणजे त्यांच्या जुन्या स्कूटरचा नंबर. नवं कार्ड आल्यावर त्यांनी मोठ्या हुशारीने नव्या स्कूटरचा नंबर ठेवला. म्हणजे मशीनसमोर मनात प्रश्न एकच, 'गाडीचा नंबर?', आणि उत्तरं दोन. त्यातलं एक चौदा वर्षांचं, एक दोन महिन्यांचं.

एम.ए.ला माझा विषय मानसशास्त्र होता. आता काम भलतंच करते, पण त्या रात्री माळ्यावरच्या वह्या काढल्या. एबिंगहाउसचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग केले, अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ केल्या आणि १८८५ साली विस्मरणाचा तो प्रसिद्ध उतरता आलेख छापला: एका दिवसात साधारण दोन तृतीयांश साफ. पुढची सत्तर वर्षं सगळे हेच धरून चालले की माणूस एवढं विसरतोच. मग १९५७ साली अमेरिकेतल्या बेंटन अंडरवुडला प्रश्न पडला की आपले विद्यार्थी एकच यादी शिकून गेले तर दुसऱ्या दिवशी त्यांना पाऊण यादी आठवते, मग एबिंगहाउसचं एवढं का गेलं? त्याने तोवर छापून आलेले बरेच प्रयोग एकत्र मांडले आणि प्रत्येकात एकच गोष्ट पाहिली: ही यादी शिकण्याआधी या माणसाने अशा किती याद्या शिकल्या होत्या? जितक्या जास्त, तितकी आजची यादी उद्या कमी आठवते. पहिलीच यादी असेल तर पाव भाग जातो. वीसेक झाल्या असतील तर पाऊण जातो. एबिंगहाउस बिचारा वर्षानुवर्षं हेच करत होता, त्याच्या डोक्यात अशा याद्यांचा बाजार भरलेला. तो आलेख तुमच्याआमच्या डोक्याचा नव्हताच.

मी बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बदाम खाता खाता विचारलं, "म्हणजे मी विसरलो नाही?" मी म्हटलं, नाही, तुम्हाला एक पिन जास्त आठवतोय.

तुमच्याकडे असे किस्से असतील तर लिहा.

---

चकलीचा_सोऱ्या

सूनबाईंनी ओट्यावरचे डबे हलवले त्याला दोन वर्षं झाली. चहापत्तीच्या जागी आता रवा आहे. आठवड्यातून एकदा तरी आधणात रवा पडता पडता वाचतो. अहोंचं म्हणणं, एकदा पडूच दे, म्हणजे कायमचं लक्षात राहील.

---

कुलूपबंद

ताई, धागा उत्तम, पण तुम्ही आंतरजालावर जाहीर केलंत की बाबांचा पिन म्हणजे त्यांच्या स्कूटरचा नंबर. स्कूटर खाली पार्किंगमध्ये उभी असेल. नंबर प्लेट लावून. आजच्या आज बदला. आणि तो खिशातला कागद फाडा.

---

गारगोटी

@कुलूपबंद, अरे देवा. सांगते त्यांना.

---

पेन्शनर_प्राध्यापक

बत्तीस वर्षं हाच विषय शिकवला, त्यामुळे राहवत नाही. थोडं लांबेल.

वेळ गेला म्हणून आठवण झिजते हे मत फार जुनं. त्यावर पहिला मोठा घाव घातला जॉन मॅकगीओकने, १९३२ साली. लोखंड काळाच्या ओघात गंजतं हे खरं, पण गंज काळ आणत नाही, ऑक्सिजन आणतो, असं तो म्हणायचा. मग आठवणीच्या बाबतीत तो ऑक्सिजन कोण? मधल्या काळात शिकलेल्या इतर गोष्टी, आणि त्यातही सारख्या दिसणाऱ्या.

हे त्याने आधीच करून पाहिलं होतं. १९३१ साली मॅकगीओक आणि मॅकडोनल्ड यांनी लोकांना दहा विशेषणांची यादी पाठ करायला दिली. मग मधल्या काही मिनिटांत कुणाला नुसतं बसू दिलं, कुणाला आकडे पाठ करायला लावले, कुणाला निरर्थक अक्षरं, कुणाला असंबद्ध विशेषणं, कुणाला विरुद्धार्थी आणि कुणाला समानार्थी शब्द. वेळ सगळ्यांना तेवढाच. जे नुसते बसले त्यांना सरासरी साडेचार शब्द आठवले. समानार्थी शब्द शिकले त्यांना सव्वा. आकडेवाले पावणेचारच्या आसपास. वेळेने झीज होत असती तर हे सगळे आकडे सारखे यायला हवे होते.

वर्गात मी याला 'भाऊबंदकीचा नियम' म्हणायचो. परका येऊन तुमच्या शेताचा बांध कोरत नाही, चुलतभाऊच कोरतो.

याच्या दोन दिशा. जुनं नव्याला आड येतं ते प्रोअॅक्टिव्ह इंटरफिअरन्स, बाबांचं झालं ते. नवं जुन्याला पुसतं ते रेट्रोअॅक्टिव्ह. ही दुसरी दिशा आधी सापडली, गटिंगेनला म्युलर आणि पिल्झेकर यांना, १९०० साली. या दोन संज्ञांमध्ये विद्यार्थी दर वर्षी परीक्षेत गोंधळतात, आणि ते का गोंधळतात याचं उत्तर त्याच प्रश्नपत्रिकेत असतं.

गारगोटी, एक विचारतो. नवा पिन ठेवल्यावर सुरुवातीला बाबांना जमत होता का?

---

गारगोटी

सर, हो! पहिल्या आठवड्यात चार वेळा पैसे काढले, एकदाही चुकले नाहीत. मग महिनाभर कार्डाला हातच लावला नाही, सगळं यूपीआयवर. त्यानंतर ही घटना. म्हणूनच तर ते घाबरले. "आधी येत होतं, आता येत नाही."

---

पेन्शनर_प्राध्यापक

अगदी अपेक्षित. नवं शिकताना जुनं दाबलं जातं, काही काळ ते येतच नाही. वापर थांबला की दबलेलं हळूहळू डोकं वर काढतं. याला आपोआप होणारी पुनःप्राप्ती म्हणतात. पावलोवच्या कुत्र्यांत ती दिसली होती, आणि १९५४ साली ब्रिग्जने शब्दांच्या जोड्यांवर ती मोजून दाखवली. शिकल्याशिकल्या नवं उत्तर वरचढ, तास उलटत जातात तसं जुनं परत बरोबरीला येऊ लागतं. महिनाभर कार्ड पाकिटात पडून होतं, तेवढ्यात जुन्या स्कूटरने किक मारली.

---

झांजवाला

आमच्या सोसायटीत हे दर भाद्रपदात दहा दिवस चालतं. आरत्या! चाल एक, ठेका एक आणि 'जय देव जय देव' हा नाका एक. त्या नाक्यावरून मंगलमूर्तीकडे वळायचं, श्रीशंकराकडे की पांडुरंगाकडे, हे आपण कुठल्या गल्लीतून आलो त्यावर ठरतं. तिसऱ्या आरतीपर्यंत निम्मा जमाव गल्ली विसरलेला असतो. शंकराच्या आरतीत दर वर्षी किमान चार जण मंगलमूर्तीकडे वळतात, मोठ्या आवाजात वळतात आणि मग खोकतात.

आता वरचं वाचल्यावर लक्षात आलं: 'घालीन लोटांगण' मध्येच कुणी सुरू केलंय असं चाळीस वर्षांत पाहिलं नाही. त्याची चालच निराळी. सर म्हणतात ती भाऊबंदकी तिथे नाही.

---

पेन्शनर_प्राध्यापक

@झांजवाला, याहून चांगलं उदाहरण मला बत्तीस वर्षांत सुचलं नाही, याचं वाईट वाटतंय. 'जय देव जय देव' ही खूण आहे. एका खुणेला जितकी उत्तरं लटकलेली, तितकी ती खूण दुबळी. एका खुंटीवर दहा शर्ट.

---

तिरकस_तात्या

हे सगळं छान, पण काळाची बाजू कुणीच मांडत नाहीये, म्हणून मी मांडतो. मी दहावीची संस्कृत सुभाषितं विसरलो. त्यानंतर एकही संस्कृत ओळ वाचली नाही. मग कुणी पुसली? चुलतभाऊ कुठेच दिसत नाही.

दुसरं, एबिंगहाउस 'किती आठवलं' हे मोजतच नव्हता. तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागला ते मोजायचा. गारगोटी यांनी दोन वेगळी मापं एका तराजूत टाकली आहेत.

---

गारगोटी

मापाचं बरोबर आहे, मी घाईत एकत्र केलं. पण अंडरवुडने एकत्र मांडलेल्या प्रयोगांत माप आठवण्याचंच होतं आणि उतार तिथेही दिसतो.

काळाबद्दल मला दोन प्रयोग माहीत आहेत. १९२४ साली जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा अक्षरं शिकवली. कधी शिकल्यावर लगेच झोपायला लावलं, कधी दिवसभर जागं ठेवलं. आठ तासांनी, झोपून उठल्यावर निम्म्याहून थोडी जास्त आठवली. जागेपणी दहातलं एखादं. घड्याळात दोन्हीकडे आठच तास.

दुसरा बॅडली आणि हिच यांचा, १९७७ चा, प्रयोगशाळेबाहेरचा. रग्बी खेळाडूंना विचारलं, या हंगामात कुणाकुणाशी खेळलात? दुखापतीमुळे वगैरे काही जणांचे सामने बुडालेले, त्यामुळे 'किती दिवस झाले' आणि 'मध्ये किती सामने झाले' हे वेगळं काढता आलं. आठवणं दिवसांपेक्षा सामन्यांवर जास्त अवलंबून निघालं.

---

तिरकस_तात्या

झोपेचा पुरावा तुमच्या बाजूने पूर्ण जात नाही. झोपेत मेंदू रिकामा नसतो, दिवसभरातलं पक्कं करायचं काम चालू असतं हे आता सर्वमान्य आहे. म्हणजे झोपलेल्यांना अडथळा कमी झाला म्हणून आठवलं, की पक्कं झालं म्हणून, हे त्या दोन विद्यार्थ्यांवरून कळत नाही. रग्बी मान्य. रग्बी चांगला आहे.

---

पेन्शनर_प्राध्यापक

तात्यांशी सहमत. आज कुणीही 'फक्त अडथळा' किंवा 'फक्त झीज' म्हणत नाही. तुमच्या सुभाषितांबद्दल मात्र एक: पहिला शब्द कुणी सांगितला तर पुढची ओळ येते का बघा. आली तर झिजली नव्हती, खूण हरवली होती.

---

तिरकस_तात्या

बायकोने पहिला शब्द सांगितला. आली. अख्खी आली. माझा प्रतिसाद मागे घेत नाही, पण चिडलोय.

---

राईनकाठची

जर्मनीत सहा वर्षं. पुण्यात मारुती चालवायचे, इंडिकेटर उजव्या हाताला. इथे डाव्या हाताला. पहिले तीन महिने प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर खरर्र. मग सुटलं. गेल्या दिवाळीत घरी आले, बाबांची गाडी घेतली, आणि कोथरूडच्या चौकात भर उन्हात वायपर खरर्र. मागचा रिक्षावाला खिडकीशी येऊन म्हणाला, "मॅडम, पाऊस कुठंय?" म्हणजे मला दोन्ही दिशांचं इंटरफिअरन्स झालंय, सर्टिफिकेट द्या.

---

इंदूरकर_पोहे

आमचं घरात मराठी, बाहेर हिंदी. लहानपणी नागपूरच्या आजीला पत्र लिहिलं होतं, 'मला इथे चांगली शिक्षा मिळते आहे'. आजी तिसऱ्या दिवशी दारात हजर, कोण मारतं पोराला म्हणून.

---

कलम_कसाई

एमपीएससीचा दुसरा प्रयत्न. गंभीर प्रश्न आहे, थट्टा नको. ३५२, ३५६, ३६० ही आणीबाणीची तिन्ही कलमं एकाच दिवशी करतो आणि तिन्हींची मुदत, मंजुरी सगळं एकमेकांत मिसळतं. पानिपतच्या लढायांचंही तेच. वरचं वाचून वाटतंय की सारख्या गोष्टी वेगवेगळ्या दिवशी कराव्यात?

---

शाळेतली_बाई

मी पाढे शिकवते, त्या अनुभवावरून 'हो' म्हणेन. 'सात आठे' विचारलं की चुकणारं पोर बासष्ट म्हणत नाही, चोपन्न म्हणतं. चोपन्न हे सहा नवेचं खरं उत्तर आहे. म्हणजे शेजारच्या दारावर थाप. म्हणून मी सात आणि आठचा पाढा एका आठवड्यात कधीच घेत नाही.

---

पेन्शनर_प्राध्यापक

@कलम_कसाई, बाईंचा सल्ला पहिल्या ओळखीसाठी योग्य. एक पक्कं होऊ द्या, मग दुसरं. पण कायम वेगळं ठेवलंत तर परीक्षेत ती तिन्ही एकाच प्रश्नात शेजारी बसून येतील आणि तुम्ही तिथे पहिल्यांदा त्यांची तुलना कराल. म्हणून पक्की झाल्यावर मुद्दाम एका कागदावर आणा आणि फरक शोधा. ३५६ राज्यापुरतं, ३५२ युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र बंड, ३६० पैशाचं. पानिपतलाही नुसते १५२६, १५५६, १७६१ घोकू नका. प्रत्येकाला त्याचा माणूस आणि त्याचा ऋतू जोडा. बाबर एप्रिलच्या उन्हात, हेमू नोव्हेंबरात, भाऊसाहेब संक्रांतीला. तीन खुंट्या, तीन शर्ट.

आणि एक सापळा, जो मुलांना माहीत नसतो. १९९४ साली मायकेल अँडरसन आणि दोघे ब्यॉर्क, रॉबर्ट आणि एलिझाबेथ, यांनी लोकांना 'फळ–संत्रं', 'फळ–केळं' अशा जोड्या शिकवल्या, असे बरेच गट. मग काही गटांतल्या निम्म्याच जोड्या पुन्हा पुन्हा आठवायला लावल्या. वीस मिनिटांनी सगळं विचारलं. सराव केलेल्या सुमारे ७३ टक्के आठवल्या, त्यात नवल नाही. ज्या गटांना हातच लावला नव्हता त्यांतल्या सुमारे ४९ टक्के. आणि ज्या गटातला निम्मा सराव झाला त्यातल्या उरलेल्या निम्म्या? सुमारे ३८. म्हणजे संत्रं आठवता आठवता केळं ढकललं गेलं. अर्ध्या प्रकरणाची उजळणी करून उठणं हे उरलेल्या अर्ध्याला महागात पडू शकतं. उजळणीला बसलात तर गट पूर्ण करून उठा.

---

कलम_कसाई

म्हणजे मी दोन वर्षं 'महत्त्वाचे' म्हणून पिवळे केलेलेच मुद्दे उजळत होतो आणि उरलेले स्वतःच्या हाताने बुडवत होतो. धन्यवाद सर. झोप लागणार नाही आज.

---

चकलीचा_सोऱ्या

झोपा हो, वर लिहिलंय ना झोपेचं.

---

आजोळ_पाटणा

नावांचं कुणीच काढलं नाही? आमची आजी नातीला हाक मारायची तर आधी तिन्ही मुलींची नावं घेऊन मग नातीवर यायची. "शाले, कुसमे, वि... अगं तू गं!" आणि मध्ये कधीकधी मोत्या. मोत्या कुत्रा होता.

---

गारगोटी

@आजोळ_पाटणा, मोत्यावरही संशोधन आहे! ड्यूक विद्यापीठातल्या मंडळींनी २०१६ साली १७०० हून अधिक लोकांकडून अशा चुका गोळा केल्या. घरच्या माणसाला चुकून हाक मारली जाते ती घरच्याच दुसऱ्या कुणाच्या नावाने, मित्राला दुसऱ्या मित्राच्या. चेहऱ्याच्या साम्याचा फारसा संबंध नाही. आणि कुटुंबाच्या त्या यादीत कुत्र्याचं नाव घुसतं, मांजराचं नाही. आजीच्या लेखी मोत्या घरचाच होता, एवढाच अर्थ.

---

मांजरप्रेमी_मनी

निषेध.

---

सायंकाळची_फेरी

माझी आई ७८. आठ महिन्यांपासून तिलाही असं होतंय. हा धागा वाचून धीर आला, पण भीती पूर्ण गेली नाही. फरक कसा ओळखायचा?

---

पेन्शनर_प्राध्यापक

मी डॉक्टर नाही, त्यामुळे जपून लिहितो. जुन्या पिनच्या जागी नवा न येणं, एका मुलीच्या नावाने दुसरीला हाक मारणं, यात माणूस योग्य कप्प्यात हात घालून शेजारची वस्तू उचलतो, आणि बहुधा त्याला लगेच कळतं. नवं कार्ड आलं होतं हेच आठवत नसेल, तासाभरापूर्वीचं बोलणं झालंच नाही असं वाटत असेल, रोजचा रस्ता किंवा रोजचा स्वयंपाक अडत असेल, तर धागे वाचत बसू नका, तपासून घ्या. आठ महिन्यांत वाढत चाललं असेल तरीही.

---

सायंकाळची_फेरी

वेळ घेतली आहे, सोमवारची. आभार.

---

पेन्शनर_प्राध्यापक

चांगलं केलंत.

गारगोटी, बाबांच्या नव्या पिनसाठी एक. १९७६ साली विकेन्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना तीन फेऱ्यांत तीन-तीन शब्द दिले, मध्ये उलटे आकडे मोजायला लावून. कुणाला भाज्या, कुणाला फुलं, कुणाला मांसाचे प्रकार, कुणाला व्यवसाय. दर फेरीला आठवणं घसरत गेलं. चौथ्या फेरीला सगळ्यांना फळं दिली. व्यवसायवाल्यांची आठवण जवळजवळ पहिल्यासारखी वर आली. भाजीवाल्यांची फारशी नाही, भाजी फळाची सख्खी बहीण. तेव्हा बाबांना सांगा, गाड्यांच्या गल्लीतून बाहेर पडा. तिसऱ्या स्कूटरचा नंबर नको.

---

कुलूपबंद

आणि जन्मतारीखही नको. आईचीही नको.

---

गारगोटी

अपडेट. सरांचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला, भाजी-फळासकट. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "गाडी नको, तारीख नको, हं." संध्याकाळी एकटेच बँकेच्या मशीनपर्यंत चालत गेले आणि पिन बदलून आले. आल्यावर त्या खिशातल्या कागदाचे तुकडे करून कचऱ्यात टाकले, माझ्यासमोर.

मी विचारलं, मग कशावरून ठेवला?

म्हणाले, "पिन कुणाला सांगायचा नसतो. तुला सांगितला की तू तिथं लिहिशील."